उंबऱ्याच्या आतलं: बार्देशातल्या एका धर्मग्रामात प्रापंचिकांची पालकीय सेवा

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आमचे फादर आजाऱ्यांची अडतीस घरं करायचे. सकाळची मिस्सा (चर्चमधली उपासना) आटोपून साडेआठला स्कूटर काढायची, गळ्यात पवित्र कम्युनियनची, म्हणजे आशीर्वादित भाकरीची, डबी, आणि साडेबाराच्या आत परत, कारण नंतर म्हाताऱ्या माणसांची जेवणं आणि झोप. चार तास, अडतीस घरं. वाटेचा, फाटक उघडण्याचा, कुत्रा बांधण्याचा वेळ वजा केला तर एकेका आजाऱ्याच्या वाट्याला तीन-चार मिनिटं. तेवढ्यात प्रार्थना होते, कम्युनियन होतं, ‘बरं आहे ना?’ विचारून होतं. उत्तर ऐकायचं राहून जातं. पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत फादरांनी स्वतःच हा हिशेब फळ्यावर मांडला आणि खडू खाली ठेवून म्हणाले, ‘आता तुम्हीच सांगा.’

आमच्या धर्मग्रामातली, म्हणजे पॅरिशमधली, प्रापंचिकांची पालकीय सेवा तिथून सुरू झाली: पाद्री नसलेल्या साध्या माणसांनी आजाऱ्या-एकट्यांजवळ जाऊन बसायचं काम. म्हणजे एकदा सुरू झाली, पाच महिन्यांत बंद पडली आणि मग पुन्हा सुरू झाली. दुसऱ्या खेपेला आता चौथं वर्ष लागलंय. पहिल्या खेपेबद्दल इथे जरा जास्तच लिहिणार आहे, कारण आम्ही शिकलो ते आपटल्यावर.

मी मूळची वेंगुर्ल्याकडची. शिक्षण मराठी शाळेत, नोकरी सरकारी इस्पितळात परिचारिकेची, लग्न होऊन बार्देशात आले त्याला बत्तीस वर्षं झाली. तरी वाड्यावर मी अजून ‘मालवणीण’च आहे. घरी कोंकणी, चर्चमध्ये कोंकणी, वही मात्र मराठीत. धर्मग्रामाचं नाव मुद्दाम देत नाही आणि माणसांचीही देत नाही. ओळखू येऊ नयेत म्हणून काही खुणाही बदलल्या आहेत.

गाव

म्हापशाच्या बाजारापासून स्कूटरवर वीसेक मिनिटं. सात वाडे, वाड्यागणिक एक खुरीस (क्रूस), मे महिन्यात प्रत्येक खुरसापुढे लादाईन (गाऊन म्हणायची प्रार्थना). मोठाली घरं, पुढे बल्कांव (बसायची ओसरी), आत नऊ-नऊ खोल्या, आणि त्यातल्या एका खोलीत एक म्हातारी. मुलगे आधी आखातात गेले, काही बोटीवर लागले, नंतर पोर्तुगीज पासपोर्ट करून इंग्लंडला. तिकडच्या स्विंडन शहराचं नाव आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. २०११ च्या जनगणनेत गोव्यात साठीच्या पुढची माणसं शेकडा अकराच्या वर निघाली. राज्यांमध्ये केरळच्या खालोखाल. आमच्या वाड्यावर हे कळायला जनगणना लागत नाही. संध्याकाळी किती खिडक्यांत दिवा लागतो ते बघितलं की झालं.

याच घरांच्या मागच्या अंगाला, पूर्वी जिथे डुकरांचे गोठे होते तिथे, भाड्याच्या खोल्या झाल्या आहेत. तिथे आजरा, चंदगड, बेळगाव, सावंतवाडीकडची कुटुंबं राहतात. गवंडी, वेटर, मोलकरणी. त्यातली बरीच कॅथलिक आहेत, हे आमच्या जुन्या लोकांच्या डोक्यात चटकन शिरत नाही. सिंधुदुर्गचा धर्मप्रांत, म्हणजे तिकडच्या बिशपांचा इलाखा, २००५ मध्ये पुण्याच्या धर्मप्रांतातून वेगळा झाला. तिकडची माणसं मिस्सा मराठीत ऐकत वाढलेली. इथे आली की शेवटच्या बाकावर बसतात, कोंकणी गीतांना नुसते ओठ हलवतात आणि शेवटच्या आशीर्वादाआधीच सटकतात. आमची कुटुंबांची नोंदवही वाड्यावर आणि मूळ घरावर चालते. भाड्याची खोली तिच्यात कुठे बसवणार?

‘आजाऱ्यांची सेवा आम्ही आधीपासून करतोच की,’ असं बैठकीत काहींनी म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं. सेंट व्हिन्सेंट द पॉल संस्था, जी १८३३ मध्ये पॅरिसला निघाली, तिची शाखा आमच्याकडे गरिबांना महिन्याचा शिधा देते. लिजन ऑफ मेरी या प्रार्थनामंडळाच्या बायका रोझरी (जपमाळ) घेऊन घरोघर जातात. कोफ्रारीकडे, म्हणजे चर्चच्या जुन्या बंधुमंडळाकडे, फेस्त (चर्चचा सण) आणि मरण. (कोफ्रारींचा इतिहास जातीने बांधलेला आहे, तो विषय बैठकीत कोणी काढत नाही आणि कोणी विसरतही नाही.) शिधा मिळत होता, रोझरी होत होती, पेटीला खांदा मिळत होता. मंगळवारी दुपारी तीन वाजता, काही न आणता, काही न मागता, तासभर जवळ बसणारं मात्र कोणी नव्हतं.

पहिली खेप

घोषणा वेदीवरून झाली, अकरा फेब्रुवारीच्या जवळच्या रविवारी. हा जागतिक रुग्ण दिन. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ मध्ये तो सुरू केला. प्रवचन चांगलं झालं. संत जुझे वाझ आलेच. त्यांच्याशिवाय गोव्यात कुठलंही काम सुरू होत नाही. पण त्या दिवशी ते नाव अगदी जागेवर होतं: १६९७ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीत देवीची साथ आली, घरचीच माणसं आजाऱ्यांना टाकून पळाली, आणि हा बाणावलीला जन्मलेला पाद्री झोपड्या उभारून त्यांना धूत-पुसत राहिला. मिस्सा सुटल्यावर नावं द्यायला रांग लागली. तीसहून जास्त नावं आली. निळी फीत आणि बिल्ला झाला. लहान ख्रिस्ती समुदायांच्या, म्हणजे वाड्यावाड्यावरच्या प्रार्थनागटांच्या, मुखियांनी वाडे वाटून घेतले आणि सहा-सहा, सात-सात जणांचे गट निघाले. हातात सफरचंदं आणि माल्टच्या पावडरीची बाटली.

आता सात माणसं घरात येणार म्हटल्यावर काय होतं ते कोणीही गोंयकार सांगेल. हॉलमधल्या खुर्च्या पुसल्या जातात, शेजारणीकडून आणखी दोन आणतात, पाव-केक मागवतात, लिंबूसोडा गार करायला ठेवतात. आजाऱ्याला उठवून, केस विंचरून, धुतलेला शर्ट चढवून बसवतात. एका घरी पक्षाघात झालेल्या माणसाला त्याची सून आम्ही येण्याआधी तासभर खुर्चीत टेकवून बसवत होती, पाठीला उशा लावून. मी परिचारिका. माझ्या ते पहिल्याच भेटीत लक्षात यायला हवं होतं. तिसऱ्या भेटीत आलं.

पण एवढ्यावरून काम बंद पडलं नसतं. ते बंद पडलं एका प्रार्थनेवरून.

एका मोठ्या घरात एक आंटी एकट्या राहायच्या. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले, डोकं लख्ख. दोन मुलगे, दोघे परदेशी. आमच्या गटातल्या एका बाईंशी त्यांचं सूत जुळलं. एके दिवशी बाकीचे हॉलमध्ये रोझरी म्हणत होते, आणि ह्या दोघी स्वयंपाकघरात. आंटींनी सांगितलं की धाकट्यासाठी आपण एका कागदावर सही केली, थोरल्याला ते ठाऊक नाही, आणि तेव्हापासून रात्री झोप लागत नाही.

त्या बाई वाईट नव्हत्या. त्या घरी गेल्या आणि खरोखरच रडल्या. मग त्या आठवड्याच्या समुदायाच्या बैठकीत, सगळे आपापल्या विनंत्या मांडत होते तेव्हा, त्यांनी हात जोडून म्हटलं, ‘आमच्या आंटीच्या घरातला जमिनीचा प्रश्न शांतीने सुटावा म्हणून आपण प्रार्थना करूया.’ बावीस माणसांनी ‘प्रभो, आमची विनंती ऐक’ म्हटलं.

तिसऱ्या दिवशी बेकरीत चर्चा. पाचव्या दिवशी वाड्याच्या व्हॉट्सअॅप गटातून ती स्विंडनला पोचली. सहाव्या दिवशी रात्री अकराला थोरल्याचा आईला फोन. गोव्याच्या दिवाणी कायद्यात, पोर्तुगीज काळापासून, अर्धी मालमत्ता वारसांसाठी राखीव असते. आईबापांना ती मनाला येईल तशी देऊन टाकता येत नाही. त्यामुळे इथे ‘सही’ हा शब्द घरात स्फोटकासारखा फिरतो. आंटींनी दुसऱ्या दिवशी फाटकाला आतून कडी घातली. फळं घेऊन गेलेल्या गटाला त्या खिडकीतूनच म्हणाल्या, ‘देव बरें करूं. पुन्हा येऊ नका.’

महिन्याभरात आणखी चार घरांनी ‘सध्या नको’ कळवलं. फादरांनी वेदीवरून काही सांगितलं नाही. बिल्ले परत घेतले, एवढंच.

मधले दोन महिने

फादरांनी मला बोलावलं. इस्पितळात पाळी बदलताना आम्ही काय सांगतो आणि व्हरांड्यात काय बोलत नाही, ते त्यांना समजून घ्यायचं होतं. मी सांगितलं: पाळी बदलताना सगळं सांगतो, पण ज्याच्या हातात तो आजारी जाणार आहे त्यालाच. लिफ्टमध्ये, कँटीनमध्ये, नातेवाइकांपुढे, एक अक्षर नाही. फादर म्हणाले, ‘म्हणजे आमची अडचण बेकरीची नाही.’ अगदी बरोबर. बेकरीत बोललं जाणारच. बेकरी त्यासाठीच असते. चूक आमच्या रचनेत होती. महिन्याच्या बैठकीत प्रत्येक गटाने ‘काय पाहिलं, काय ऐकलं’ याचा अहवाल द्यायचा, हे आम्हीच ठरवलं होतं. बातमी बाहेर काढायची व्यवस्था आम्ही केली होती, वर तिला प्रार्थनेचं नाव दिलं होतं.

पालकीय सेवेच्या कामाबद्दल मला जे काही कळलंय ते इथे आहे. शहरात आजाऱ्याला परका माणूस भेटतो, म्हणून तो बोलतो. गावात येणारी व्यक्ती चुलतभावाची व्याही तरी असते, नाहीतर शेजारच्या शेतातली कुळवाडी. ती काय करते त्यापेक्षा ती ऐकलेलं काय गिळते यावर सगळं उभं. फळं नेली नाहीत तरी चालतं.

याच दिवसांत चर्चचे नियमही एकदा नीट वाचून घेतले, कारण कोणाला काय करता येतं याबद्दल गावात भलत्या समजुती होत्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने नोव्हेंबर १९६५ मध्ये प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याचा हुकूमनामा काढला. हे काम म्हणजे पाद्र्यांना केलेली मदत नव्हे, बाप्तिस्म्यानेच आपल्याकडे आलेलं काम आहे, हे त्यातलं सार. १९८३ च्या धर्मसंहितेत मात्र रेघा स्पष्ट आहेत. कुमसार (पापांची कबुली) ऐकणं आणि आजाऱ्यांचा तैलाभ्यंग (पवित्र तेल लावायचा संस्कार) ही फक्त धर्मगुरूची कामं. ती उपयाजकालाही (डीकनलाही) करता येत नाहीत. कम्युनियन नेण्याची परवानगी प्रापंचिकाला मिळू शकते, १९७३ पासून, पण ती अधिकृतपणे नेमणूक होऊन. ‘फादर, मी नेऊ का?’ असं विचारून नव्हे. जाताजाता एक बारीक कलम सापडलं: कम्युनियनच्या आधीचा तासभराचा उपास म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना लागू नाही, तसा त्यांची देखभाल करणाऱ्यांनाही नाही. एका घरात सून सासऱ्याला भरवून, स्वतः चहा घेऊन बसायची आणि दर पहिल्या शुक्रवारी ‘मी चहा घेतलाय’ म्हणत मागे सरायची. कित्येक वर्षं. तिला हे सांगितलं तेव्हा तिचा विश्वासच बसेना. शेवटी फादरांनी जाऊन सांगितलं.

दुसरी खेप

ह्या वेळी वेदीवरून काहीच नाही. फादरांनी बारा जणांना एकेकटं गाठून विचारलं, आठ टिकले. नेहमी पुढच्या बाकावर असतात त्यांच्यापैकी त्यात कोणी नव्हतं, आणि त्यावरून थोडी नाराजीही झाली. कदंब बसचा निवृत्त कंडक्टर, एक शिवणकाम करणारी विधवा, पतपेढीतला कारकून, दोन शिक्षिका, मी, आणि भाड्याच्या खोल्यांमधून दोघं: आजऱ्याच्या गवंड्याची बायको आणि चंदगडकडचा एक सुरक्षारक्षक. शेवटच्या दोन नावांवर कौन्सिलमध्ये एकाने हळूच म्हटलं, ‘घाटी कशाला?’ फादरांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मला ते तेव्हा आवडलं नव्हतं. त्यांनी तिथेच उलट विचारायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं.

आठ शनिवार, दुपारी अडीच तास. शिकवायला बाहेरच्या तालुक्यातल्या एक सिस्टर, समुपदेशन शिकलेल्या. आमचा मुख्य सराव एकच होता: भेटीहून आल्यावर झालेलं बोलणं आठवेल तसं शब्दाला शब्द लिहायचं, नाव न घालता, आणि ते सगळ्यांपुढे वाचायचं. ही पद्धत अमेरिकेतल्या इस्पितळांतली. अँटन बॉयसन नावाच्या पाळकाला स्वतःला मनोरुग्णालयात राहावं लागलं होतं. त्यानेच १९२५ मध्ये वूस्टरच्या इस्पितळात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णांपाशी बसवून शिकवायला सुरुवात केली. पुस्तकं वाचून माणूस कळत नाही, समोरचा माणूसच वाचावा लागतो, हा त्याचा आग्रह.

कंडक्टरदादांची पहिली नोंद माझ्या वहीत आहे, त्यांच्या परवानगीने उतरवलेली:

तो: झोप नाही.
मी: गोळी घेतो?
तो: घेतो.
मी: डॉक्टर काय म्हणाला?
तो: डॉक्टर बरा आहे.
मी: जेवण जातं? पोट साफ? बीपी बघितलं?
तो: होय. होय. होय.

सिस्टरांनी विचारलं, ‘यातलं तिकीट कुठलं आणि प्रवासी कुठला?’ दादा स्वतःच मोठ्याने हसले. म्हणाले, ‘तीस वर्षांची सवय, सिस्टर. प्रश्न विचारायचा, पंच करायचं, पुढच्याकडे जायचं.’ पुढच्या आठवड्यात ते त्याच घरी गेले. तो पुन्हा म्हणाला, झोप नाही. दादा म्हणाले, ‘रात्र लांबते,’ आणि गप्प राहिले. त्यांच्या अंदाजाने दोन मिनिटं. प्रत्यक्षात वीस सेकंद असतील. गप्प बसलेला वेळ असाच फुगतो. मग तो म्हणाला, ‘बायको गेल्यापासून उजव्या कुशीवर वळायची भीती वाटते.’

शिक्षिकांना हे सगळ्यात जड गेलं. त्यांना दुरुस्त करायची सवय. मला उपचाराची. एका सरावात मी आजाऱ्याच्या पायाची सूज बोटाने दाबून बघत होते आणि तो आपल्या भावाबद्दल सांगत होता. सिस्टर म्हणाल्या, ‘तुमचं बोट ऐकत होतं, तुम्ही नव्हता.’ घरी येईपर्यंत मी त्यांच्यावर चिडले होते.

नियम ठरले ते बहुतेक आमच्या फजितीतून. दोघांनीच जायचं, आणि दोघं वेगळ्या वाड्यावरची. अमेरिकेत सेंट लुईसला १९७५ मध्ये एका लुथरन पाळकाने सुरू केलेली एक पद्धत आम्हाला दाखवली गेली होती, तिच्यात एक आजारी आणि एक सेवक, असे दोघेच. आमच्याकडे एकटा पुरुष एकट्या बाईकडे गेला तर दुसऱ्या दिवशी सेवेऐवजी लग्नाची बोलणी सुरू होतील. येशूनेही शिष्यांना दोघादोघांनीच धाडलं होतं, तेव्हा जोडीच बरी. प्रत्येक जोडीकडे जास्तीत जास्त तीन घरं. खायचं-प्यायचं नाही, पाणी सोडून. हा नियम पाळणं गोव्यात किती कठीण आहे ते बाहेरच्यांना नाही कळणार. एका आजींनी आम्हाला ‘तुम्ही आमच्याकडे जेवत नाही ते कशामुळे?’ असं विचारलं, आणि त्या प्रश्नाच्या पोटात जुनी जखम होती. त्या घरी आम्ही नियम मोडला, चहा घेतला. पैसे घ्यायचे-द्यायचे नाहीत, घराची किल्ली ठेवून घ्यायची नाही, कशावरही साक्षीदार म्हणून सही करायची नाही, फोटो काढायचा नाही. वहीत फक्त तारीख, जोडी आणि ‘परत कधी’. काय बोलणं झालं ते वहीत नाही, व्हॉट्सअॅपवर नाही, आणि समुदायाच्या विनंत्यांमध्ये तर नाहीच. तिथे फक्त ‘आमच्या आजाऱ्यांसाठी’. ज्याला मनावरचं ओझं उतरवायचं असेल त्याने महिन्याच्या शनिवारी सिस्टरांकडे उतरवावं, खुणा बदलून. सिस्टर गावातल्या नाहीत, हा त्यांचा सगळ्यात मोठा गुण.

गप्प राहण्यालाही हद्द आहे, आणि ती पहिल्याच भेटीत सांगून टाकायची. जिवाला धोका असेल तर सांगावं लागेल. लहान मुलावर लैंगिक अत्याचार होतोय असं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते कळवणं कोणावरही बंधनकारक आहे. म्हाताऱ्या माणसाला घरात मारहाण होत असेल तर फादरांना सांगू, आणि १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, ती लावून देऊ. हे सगळं तोंडावर सांगितलं तर माणसं बोलणार नाहीत असं मला वाटायचं. उलट झालं. हद्द माहीत असली की माणूस तिच्या आत मोकळा होतो.

कुमसाराची गोष्ट ह्याच्याच शेजारची. एक आजोबा, पूर्वी बोटीवर होते, आमच्या कारकुनाचा हात धरून म्हणाले, ‘हें कुमसार म्हणून घे,’ आणि सुरू झाले. कारकून घाबरला. थांबवावं तर माणूस दुखावतो, ऐकावं तर ते कुमसार नव्हे, पापक्षमा त्याच्या हातात नाही. त्याने हात तसाच धरून ठेवला आणि सांगितलं, ‘आजोबा, हे कुमसार होत नाही. पण तुम्ही बोलता ते माझ्याकडून कुठे जाणार नाही. फादरांना आज संध्याकाळी आणू?’ आजोबा म्हणाले, ‘आण. पण आधी तू ऐक, म्हणजे मला तालीम होईल.’ फादर रात्री आठला गेले. काय बोलणं झालं ते फादरांना माहीत आणि आजोबांना. कारकुनाला जे माहीत आहे ते त्याने सिस्टरांनाही सांगितलेलं नाही.

खोल्या

आमच्या पदेराला कोणी या कामात घेतलं नव्हतं. तो स्वतः कर्नाटकातला, ख्रिस्ती नाही, सायकलवर पाव घेऊन भोंपू वाजवत येतो. फाटकाला टांगलेल्या पिशवीत तो पाव टाकतो. एका सकाळी त्याने कंडक्टरदादांना थांबवून सांगितलं की मागच्या खोल्यांमध्ये एका घरचा कालचा पाव पिशवीत तसाच आहे. त्या खोलीपर्यंत आम्ही असे पोचलो. नोंदवहीत तिचं नाव नव्हतं.

मी आणि गवंड्याची बायको गेलो. पत्र्याचं छप्पर, जूनचा पाऊस, बोलणं ऐकू यायला वाकावं लागत होतं. बाई चाळिशीची असेल. बांबोळीच्या इस्पितळात कॅन्सरचे उपचार चाललेले, नवरा एका बारमध्ये रात्रीच्या कामावर. ती भिंतीकडे तोंड करून निजली होती. माझ्या जोडीदारणीने फक्त विचारलं, ‘कुठल्या गावच्या म्हणायच्या तुम्ही?’ तशी ती वळली. ‘तुम्ही आमच्या तिकडच्या व्हय?’ मग दोघींचं गाव, देऊळ, कुणाची माहेरची कोण, अर्धा तास. मी कोपऱ्यात बसून होते. सूज बघितली नाही.

तिसऱ्या की चौथ्या भेटीत ती म्हणाली की दोन वर्षं कुमसाराला गेलेली नाही. पाप मोठं होतं म्हणून नव्हे. ‘कोंकणीत बोलायला लागलं की मला शब्द सापडत नाहीत. आणि असलं बोलणं चुकलं तर?’ आमचे फादर मराठी उत्तम बोलतात. शाळेत शिकले आहेत. त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं आणि त्यांना कोणी विचारलं नव्हतं. ते आले, कुमसार झालं, तैलाभ्यंग झाला, मराठीत.

ती ऑगस्टमध्ये गेली. घरच्यांना तिला गावी न्यायचं होतं. आंबोलीच्या घाटातून, पावसात. शववाहिकेचे पैसे व्हिन्सेंट द पॉलच्या मंडळींनी गोळा केले, आणि ‘घाटी कशाला?’ म्हणणाऱ्या गृहस्थांनी त्यात पैसे घातले की नाही ते मला ठाऊक नाही. पावती नावाशिवाय होती.

त्याच पावसाळ्यात आमच्या शिवणकामवाल्या ताईंची तीनही घरं एकामागून एक रिकामी झाली. तिसऱ्या मरणाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी वही माझ्या दारात आणून ठेवली आणि म्हणाल्या, ‘मला माझ्या नवऱ्याची आठवण येते, दरवेळी तीच.’ आम्ही आजाऱ्यांचा विचार केला होता, जाणाऱ्यांचा केला होता. उरणाऱ्या सेवकाचा केला नव्हता. आता मरण झालं की त्या जोडीला महिनाभर नवं घर देत नाही. ताई परत आल्या नाहीत. त्या चर्चच्या वेदीचे कपडे शिवतात.

आज काय स्थिती आहे

आमच्यापैकी तिघांची कम्युनियन नेण्यासाठी रीतसर नेमणूक झाली आहे. रविवारच्या मिस्सेनंतर ते थेट आजाऱ्याच्या घरी जातात, वाटेत कोणाशी गप्पा मारायच्या नाहीत. त्यामुळे फादरांच्या पहिल्या शुक्रवारच्या यादीत आता वीस घरं उरली. यावर ‘फादर येत नाहीत, कंडक्टर पाठवतात’ ही तक्रार आली, आणि ती रास्त होती. आता नव्या घरी पहिल्या वेळी फादर स्वतः सेवकाला सोबत घेऊन जातात, आणि दर तीन महिन्यांनी प्रत्येक घरी एकदा तरी जातात. दोन घरांनी तरीही फादरच हवेत म्हणून सांगितलं. त्यांच्याकडे फादरच जातात.

पुरुष मिळत नाहीत. दारूचा प्रश्न असलेल्या घरांत कसं जायचं ते अजून जमलेलं नाही. दोनदा प्रयत्न केला, दोनदा बाहेर आलो. वेदीवरून पुन्हा आवाहन करावं असं कौन्सिलमध्ये दरवर्षी कोणीतरी सुचवतं. नवे आले ते धरूनही आम्ही नऊच आहोत.

मोठ्या घरातल्या त्या आंटींची ओळ वहीत कायम आहे. दर तीन महिन्यांनी मी फाटकापाशी जाऊन विचारते, त्या नको म्हणतात, मी तारखेपुढे ‘नको’ लिहिते. पहिल्या शुक्रवारी फादर जातात तेवढंच. गेल्या मे महिन्यात पदेराकडून त्यांचा निरोप आला: खुरसाच्या लादाईनीला खुर्च्या कमी पडत असतील तर आमच्या हॉलमधल्या सहा घेऊन जा. कंडक्टरदादा आणि मी गेलो. फाटकाची कडी त्यांनी स्वतः काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्च्या परत नेल्या तेव्हा त्या बल्कांवावर उभ्या होत्या. एकेक खुर्ची बोटाने मोजून घेतली, सहा झाल्यावर मान हलवली, आणि कडी परत लावली.